तीनवरची चिमणी

जनीने नातीवरून तीनदा उतरवलेली मूठ तापल्या तव्यावर उघडली. मीठ तडतडले, मोहरी उडाली, सुक्या मिरच्या कडेने काळ्या पडत गेल्या. आणि स्वयंपाकघरातल्या तिघींपैकी कुणीही खोकले नाही.

जनी तव्याकडे पाहत राहिली. खाडीकाठच्या जुन्या घरी चुलीत अशा दोन मिरच्या पडल्या, तरी ओटीवरचे पुरुष शिव्या घालत अंगणात उतरत. ठसका लागला, तर दृष्ट नव्हतीच. नाही लागला, तर जबर लागलेली.

"पोरी, उद्या नको जाव."

"आजी! अकराचं विमान आहे माझं," अक्षदा म्हणाली. "सोमवारी बंगळुरूला जॉइन व्हायचंय."

"इमान काय, परवा पन उडंल. जबर हाय ही."

शेजारच्या शेगडीवर अक्षदाची आई, सोनल, सुरमईचे तुकडे परतत होती. तिच्या डोक्यावर चिमणीची घरघर चालू होती. अक्षदाने त्या काळ्या काचेवरच्या तांबड्या आकड्याकडे बोट दाखवले.

"अगं, चिमणी तीनवर आहे. सगळा धूर तिने ओढला. तुझी दृष्ट एव्हाना शीळफाट्याला पोचली असेल."

"धूर वडंल ती. दृष्ट कशी वडंल?"

"पण ठसका धुराचाच असतो ना?"

"तू मना नको शिकवू. तुझ्या बापाची काढलीय मी, तो पालन्यात व्हता तवापासून."

जनीने पदराला हात पुसले आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा नकार ओलांडून या घरातून कुणी बाहेर पडल्याचे अक्षदाला आठवत नव्हते. पन्नाशीचा बापसुद्धा पायात घातलेल्या चपला काढून मुकाट्याने परत फिरायचा. अक्षदाने आईकडे पाहिले.

सोनल आठ दिवस नुसते डबे भरत होती. मसाला, जवळ्याची चटणी, तांदळाचे पीठ. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. कुणी बंगळुरूचे नाव काढले, की तिला घासायचे एखादे भांडे सापडायचे. तिने सुरमईखालचा गॅस बंद केला.

"आई, पुन्हा काढा. मी चिमणी बंद करते."

ती वजाच्या खुणेवर बोट टेकवत गेली. तीन, दोन, एक. आवाज पायरी पायरीने उतरला आणि शेवटी थांबला, तेव्हा इतका वेळ त्याच्याखाली दबलेली शांतता वर आली. तिघींना एकमेकींचे श्वास ऐकू येऊ लागले.

"पुन्ना कोन काढतं गो?" जनी पुटपुटली, पण मीठ-मिरच्यांचे डबे तिने पुढे ओढले होते. नवी मूठ भरून ती नातीच्या कपाळापासून पावलांपर्यंत उतरवू लागली. "आल्यागेल्याची, शेजारपाजारची, आयशीची, आजीची पन..."

मूठ तव्यावर पडली. निळसर धूर उठला, क्षणभर चिमणीच्या जाळीखाली घुटमळला आणि खाली पसरला. आधी अक्षदा शिंकली. मग जनीला असा ठसका लागला, की तिने ओट्याची कड धरली.

"गेली! गेली बाय माजी!" खोकता खोकता ती हसत होती. "जा, उद्या खुशाल जा."

"आधी जगू तर दे!" अक्षदाने खिडकी उघडली. हसून आणि खोकून दोघींच्या डोळ्यांना धार लागली होती.

हळूहळू दोघी सावरल्या. सोनल पाठमोरी उभी होती. ओढणीचे टोक तिने तोंडावर दाबून धरले होते, आणि तिचे खांदे अजून हलत होते.

"मम्मी, थांब, चिमणी लावते." अक्षदाने काचेकडे हात नेला.

जनीने तिचे मनगट धरले.

"ऱ्हाऊ दे जरा."

मग सुनेकडे न पाहता तिने डब्यातली आणखी एक अख्खी मिरची घेतली आणि हलकेच तव्यावर ठेवली.