वास सुटला का?

माईने ओव्हनचं दार उघडलं, आतल्या ट्रेला हिसका देऊन अक्रोड उलटेपालटे केले आणि दार लावून नवऱ्याकडे पाहिलं.

"वास सुटला का हो?"

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने मान वर केली, हवेत जरा हुंगल्यासारखं केलं.

"अजून नाही. थोडं थांब."

माई थांबली. गेल्या थंडीत ती तापाने अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार. ही गोष्ट तिने नवऱ्याखेरीज कुणाला कळू दिली नव्हती. घरी केक करून विकणाऱ्या बाईला वासच येत नाही म्हटल्यावर तिच्या हातचं कोण खाणार? आणि सुकामेवा भाजणं हे तर सगळं नाकाचंच काम. बदाम निदान रंगावरून कळतात. अक्रोड मुळातच सावळे, त्यात ओव्हन जुना आणि लहरी. कच्चे राहिले तर केकात ओल्या लाकडासारखे लागतात, आणि खरपूस होऊन करपायला एक श्वास पुरतो. त्या एका श्वासासाठी तिने नवऱ्याचं नाक उसनं घेतलं होतं. तोही बिचारा हातातलं टाकून येऊन बसायचा. "आमचे हे निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर सोडत नाहीत," असं ती शेजारणींना कौतुकाने सांगायची.

तरी काहीतरी बिनसत चाललं होतं. कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्याने अक्रोडाचा केक आधी कमी केला, मग बंदच केला. "सध्या उठाव नाही, माई," असं तो बशा पुसता पुसता, तिच्याकडे न बघता म्हणाला होता. डब्यातल्या खाऊसाठी भाजलेल्या बदाम-काजूच्या पुड्या नेणारी बँकेतली मुलगी येईनाशी झाली. माईने लोणी बदलून पाहिलं, साखर बदलली. "माझा हातच गेला म्हणायचा," असं एकदा ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, तेव्हा नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. "वय झालं आता आपलं. किती राबशील?"

दारावर थाप पडली.

"माई! अहो, काय करपतंय? जिनाभर वास सुटलाय!"

वरच्या मजल्यावरची शिवणवाली होती. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. माईने धावत जाऊन ओव्हन बंद केला, ट्रे ओट्यावर ठेवला आणि एक अक्रोड मोडून पाहिला. आतून कोळसा झाला होता.

"काका, तुम्ही इथेच बसलाय की!" शिवणवाली हसली. "नाक गहाण ठेवलंत का?"

"सर्दी झालीये जरा," तो म्हणाला.

मशीनवर कापड तसंच टाकून आलेय, असं म्हणत शिवणवाली वर गेली. माई ट्रेकडे बघत उभी राहिली. सकाळी हाच माणूस गॅलरीतून ओरडला होता, "अगं, दूध लागतंय बघ!" आणि खरंच, पातेल्याच्या तळाशी नखाएवढं लागलं होतं.

"सर्दी कधी झाली?" तिने विचारलं.

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"कधीपासून चाललंय हे?"

"सरळ सांगून तू ऐकलं असतंस?" तो टेबलाकडे बघत म्हणाला. "नात चालायला लागली ती आपण फोनवर बघितली. मुलगा दर वेळी म्हणतो, या, इथेच राहा. आणि तुझं आपलं एकच, ऑर्डरी आहेत."

"मग तुम्ही जायचं होतंत."

"एकटा?"

"मी वेड्यासारखी लोणी बदलत बसले," माई म्हणाली. "आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात."

"केकच तर होते, अगं."

करपलेले अक्रोड माईने कचऱ्याच्या डब्यात ओतले, ट्रे घासला, पुसला. नवे अक्रोड काढले आणि एकावर एक येणार नाहीत असे हाताने पसरले.

"राहू दे ना आता," तो म्हणाला.

तिने ट्रे आत सरकवून ओव्हन लावला, मग बाहेरचं दार उघडून ती जिन्यात गेली आणि वर तोंड करून हाक मारली.

"ताई, जरा खाली येता का? काम होतं."

शिवणवाली आली तेव्हा माई ओव्हनला पाठ लावून उभी होती.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "तापानंतर गेला तो गेलाच. तुम्ही थोडा वेळ बसा आणि झाले की सांगा."

शिवणवालीने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाशी बसलेल्या काकांकडे. तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. दार त्याने लोटलं, पण ते नीट लागलं नाही.

"अगं बाई! कधी बोलला नाहीत ते?" शिवणवाली त्याच्या खुर्चीवर टेकली.

"आत्ता बोलले."

शिवणवाली अधूनमधून नाक वर करून बघत होती. माई ओव्हनच्या काचेतून आत बघत होती, जणू रंगच काही सांगणार होता. आतल्या खोलीतून नवऱ्याचा दबका आवाज यायला लागला. तो फोनवर होता.

"नाही रे, नाही जमलं... हो, कॅफेचं बंद झालं होतं. तू सांगितलंस तसंच करत होतो... नाही, आता कळलं तुझ्या आईला. तू लगेच फोन करू नकोस."

माईने ओव्हनच्या दाराची मूठ धरली होती. ती तशीच धरून ती उभी राहिली.

"झाले हं, माई," शिवणवाली म्हणाली. "मस्त वास आलाय. काढा."

माई हलली नाही.

"माई, काढा ना. करपतील."

शेवटी शिवणवालीनेच उठून फडकं शोधलं, तिचा हात हळूच बाजूला केला आणि ट्रे बाहेर काढला.