उन्हात ओला होणारा पुठ्ठा

सकाळी नऊला पुठ्ठ्याचा कोपरा जमिनीला टेकलेला होता. साडेदहाला तो चार मिलिमीटर वर उचलला होता. गंधालीने पोलादी पट्टी लावून दोनदा पाहिले. श्रावणातले ऊन चांगले पडले होते, पण अंगणातली जमीन ओलसर होती आणि पुठ्ठा खालच्या बाजूने पाणी पीत होता.

मंठा रोडवरच्या या कारखान्यात रद्दीचा लगदा करून पुठ्ठा बनतो आणि तीस वर्षे तो उन्हातच वाळत आला. अकरा महिन्यांपूर्वी गंधालीच्या कंपनीने इथे चाचणीसाठी वाफेचा ड्रायर बसवला. त्यात हवा नसते. दीडशे अंशांवर तापवलेली कोरडी वाफ पंख्याने फिरत राहते, पुठ्ठ्यातले पाणी वाफ होऊन तिच्यातच मिसळते आणि जास्तीची वाफ लगद्याची टाकी तापवते. त्यामुळे जळण फार कमी लागते.

"वाफ कुठाय?" मालक अप्पारावांनी पहिल्या दिवशी काचेतून पाहत विचारले होते.

"इतकी तापलेली वाफ दिसत नाही, साहेब."

"न दिसणारी वाफ ओल्या पुठ्ठ्याला वाळवून राह्यली." ते बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले. "बराबर. तरी एकदा ऊन दाखवून घ्या."

तेव्हापासून पुठ्ठा ड्रायरमधून चार टक्के ओलाव्याने निघतो, अंगणात मांडला जातो, दमट दिवसांत दहा टक्क्यांवर पोचतो आणि 'उन्हात वाळवलेला' म्हणून गाडीत चढतो. पाऊस आला तर पुन्हा ड्रायरमध्ये, आणि मग पुन्हा उन्हात. जूनमध्ये एक गठ्ठा सहा वेळा वाळला. मार्चमध्ये तर अप्पारावांनी ड्रायरवरच्या छपराचे पत्रेच काढायला लावले. मशीनलाही ऊन लागू द्या, म्हणाले.

"मशीनला थंडी वाजून राह्यली का?" अंगणात पुठ्ठे मांडणाऱ्या शालूने तेव्हा विचारले होते. आता पावसाची सर आली की मशीनवर टाकायला ताडपत्री घेऊन तीच आधी धावते.

चाचणीची मुदत तीनदा वाढली. अप्पाराव होही म्हणत नव्हते आणि नाहीही. कारण सगळ्यांना माहीत होते. मशीन ठेवले की अंगण बंद, आणि अंगणात पुठ्ठे मांडणाऱ्या अकरा जणी व त्यांची मुकादम केशरबाई यांना ते सांगणार कोण?

"केशरबाईला विचारा," अप्पाराव म्हणायचे.

"मालकाला विचारा," केशरबाई म्हणायची.

आज मशीन परत न्यायला कंपनीची क्रेन दारात उभी होती. फिटर राजानंदने पहिला बोल्ट सोडला तेव्हा गंधालीने दोन पुठ्ठे उचलले. एक कोपरा वळलेला, दुसरा ड्रायरमधून निघून निवलेला. इथे माल वाळला की नाही ते केशरबाई गाल लावून सांगते. ओलावा मोजणाऱ्या मीटरचा नंबर तिच्यानंतर.

"मावशी, दोन्हींना लावून बघा."

केशरबाईने एका पुठ्ठ्याला गाल लावला, मग दुसऱ्याला. "ह्यो मशीनीतला, वाळलाय. अन् ह्यो उन्हातला, ओला."

अप्पाराव पुढे आले. "आज कळलं व्हय तुला?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मंग अकरा महिने बोलली का न्हाई?"

"बोलले असते तर ह्या बाया दुसऱ्या दिवशी कुठं गेल्या असत्या?"

"अन् मी तुझ्या भ्यानं उन्हात घालून राह्यलो."

"म्हाईत हाय मला." केशरबाईने पुठ्ठा खाली ठेवला. "पन मालक, मशीनीत पुठ्ठा आपल्या पायानं जातो का? घालायला, काढायला, गाल लावायला मानूस लागतंच. एका पाळीला सहा जनी. दोन पाळ्या."

अप्पारावांनी बोटांवर मोजले. "बारा झाल्या. अंगणात तर अकरा हायेत."

"अकरा त्या, अन् मी."

राजानंद दुसऱ्या बोल्टला पाना लावून थांबला होता. "साहेब, सोडू का?"

अप्पाराव अंगणाकडे पाहत राहिले. अजून तीन कोपरे वर उचलले गेले होते.

"आवळ तो बोल्ट," ते म्हणाले. "मशीन इथंच राह्यील. अंगण आजपासून बंद."