माधवचा नियम

एका पेशंटच्या नातेवाइकांनी डॉक्टर म्हणून माधववर ग्राहक मंचात टाकलेली केस तो जिंकला, पण जिंकेपर्यंत पार थकून गेला. मी त्याची बायको आणि धामणकर नाक्यावरच्या आमच्या नर्सिंग होमची भूलतज्ज्ञ, त्यामुळे सगळं जवळून पाहिलं. 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही,' एवढंच समोरच्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून माधवचा नियम झाला. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर नुसती सही चालणार नाही. काय काय बिघडू शकतं ते नातेवाइकाने स्वतःच्या तोंडाने परत सांगायचं.

ऐकायला सोपं आहे. पण ऑपरेशनच्या तोंडावर अभद्र बोलायला कोण तयार होतंय!

त्या दुपारी पडघ्याची दिपाली आली. पहिलटकरीण, बाळाची वार खाली गर्भपिशवीच्या तोंडाशी आलेली, थोडंथोडं रक्त जात होतं. सिझेरियन लगेच करायला हवं होतं. माधवने तिचा नवरा मनोज आणि सासू सीताबाई यांना समोर बसवलं.

"रक्त थांबलं नाही तर जीव वाचवायला गर्भपिशवी काढावी लागेल. पुन्हा मूल होणार नाही. कदाचित तरीही जीव जाईल. आता सांगा, मी काय म्हणालो?"

मनोज आईकडे बघायला लागला.

"असं वाईट बोलू नका, डॉक्टर," सीताबाई म्हणाल्या. "वज्रेश्वरी आई हाय. तुम्ही सुरू करा. पण पिशवीला हात लावायचा न्हाय."

माधव पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. मला त्या सासूचा, त्या गप्प नवऱ्याचा आणि खरं सांगायचं तर माधवच्या नियमाचाही वीट आला होता.

"माधव, पोरीचं रक्त जातंय," मी चिडून म्हणाले.

"मला इचारा की," दारातल्या स्ट्रेचरवरून दिपाली म्हणाली.

आम्ही सगळेच वळलो. ती तिथे होती हे जणू आत्ताच आमच्या ध्यानात आलं.

"रक्त थांबलं न्हाय तर पिशवी काढणार. दुसरं पोर व्हनार न्हाय. मी मरंन बी," ती सावकाश म्हणाली. "पिशवी गेली तर जाऊ द्या. मला जगायचंय."

माधव उठून तिच्याजवळ गेला आणि तिची सही घेतली.

मुलगी झाली. रक्त काही थांबेना. माधवने होते नव्हते ते सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी पिशवी काढली. दिपाली वाचली.

सीताबाईंनी माधवला ऑपरेशन थिएटरच्या दारातच अडवलं. "कोनाला इचारून काढली?"

माधव भिंतीला टेकला. त्याच्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

"जिची होती, तिला," तो म्हणाला.