सासूबाईंची कवळी

आमच्या घरात सगळ्यात जास्त गप्पा मारतात ते माझे सासू-सासरे, आणि त्यांचा आवाज मात्र कोणाला ऐकू येत नाही. संध्याकाळी वरच्या गॅलरीत दोघं समोरासमोर खुर्च्या टाकून बसतात. आईंचे ओठ हलतात, आप्पांच्या भुवया वर जातात, मग आप्पांचे ओठ हलतात आणि आई मान उडवतात. लग्न होऊन मी बमरोलीला, यंत्रमागवाल्यांच्या या वस्तीत आले तेव्हा मला वाटायचं, यांनी अबोला धरलाय आणि मनातल्या मनात एकमेकांचा उद्धार चाललाय. एकदा तर मी मध्यस्थी करायलाही गेले होते. योगराज, म्हणजे माझा नवरा, पोट धरधरून हसला होता.

हे बोलणं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमधलं. आप्पा लूम चालवायचे आणि त्याच शेडमध्ये आई बॉबीन भरायच्या. मशिनं सुरू झाली की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी काही उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं नुसत्या ओठांनी बोलतात. तोंड नीट उघडून, शब्द लांबवून, आवाज न काढता. आज भाजी कोणती करू इथपासून मुलाचं नाव काय ठेवू इथपर्यंत सगळं या दोघांनी हवेत तरंगणाऱ्या धाग्यांच्या लवेतून, शेडच्या या टोकावरून त्या टोकाला ठरवलेलं आहे.

पुढे लूम सुटले, पण जाताना आप्पांचे कान घेऊन गेले. आम्ही कानाचं मशीन आणलं, तर आप्पा म्हणाले की त्यात पुन्हा लूमच ऐकू येतात, आणि ते मशीन कपाटात गेलं. माझे ओठ त्यांना कळत नाहीत, योगराजचे तर मिशीत लपलेले. आप्पा आमच्याकडे बघून फक्त मान हलवतात. जगात आप्पांना कळतं असं एकच तोंड आहे, ते आईंचं. म्हणून आईंचे दात काढायची वेळ आली तेव्हा खरा प्रश्न काय होता ते सांगून टाकते: दात गेल्यावर आप्पांशी कोण बोलणार?

पण ते आम्हाला पहिल्या दिवशी कुठे माहीत होतं? आईंच्या हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, तोंडाला वास यायला लागला. आम्ही त्यांना चौकातल्या खासगी दवाखान्यात घेऊन गेलो. काचेचं दार, गार हवा, भिंतीत माशांची मोठी पेटी. मला अशा ठिकाणी गेल्या गेल्या उगाच राग येतो. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, सरकारी म्हटलं की लोक नाक मुरडतात हे मी रोज बघते, त्यामुळे असेल. डॉक्टर मात्र माणूस चांगला होता, हे मान्य करायला हवं. त्यानं सगळं तपासलं आणि आईंचा हात हातात घेऊन म्हणाला, "बा, एक ज दिवसमां बधुं थई जशे." एकाच दिवसात सगळं उरकायचं: वरचे उरलेले दात सगळे एकदम काढायचे आणि त्याच दिवशी तात्पुरती कवळी बसवून घरी पाठवायचं.

आईंनी विचारलं की मग ओठ कसे दिसतील. डॉक्टरला वाटलं, म्हातारीला हौस आहे. त्यानं आरसा दिला, आणि नव्या कवळीनं गाल भरून येतील, अगदी तरुण दिसाल, असं कौतुकानं सांगितलं. आईंनी आरशात बघितलं आणि आरसा पालथा घातला.

परत येताना रिक्षात त्या कडेला बसल्या होत्या. पांडेसराच्या कारखान्यांच्या बाजूनं धूर येत होता, रस्त्यावर साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो उभे होते. मग आई बाहेर बघत, त्यांच्या गावाकडच्या बोलीत म्हणाल्या, "दात गयात ते जाऊ दे. पन मना ओठ बदली गयात ते तेसले मनं बोलनं कसं समजी?"

तेसले म्हणजे आप्पांना. इतकी वर्षं त्या दोघांच्या शेजारून मी कपडे वाळत घालत गेले, त्यांच्या बोलण्यात दातांचंही काम असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी आल्यावर मी योगराजला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण त्याचं मत ठरलेलं होतं. आयुष्यभर आई शेडमध्ये उभी राहिली, आता म्हातारपणी तिला सरकारी लायनीत उभी करणार नाही, असं तो म्हणाला. शिवाय खासगीत एका दिवसात काम संपतं, माय लगेच पहिल्यासारखी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायला लागेल, आणि आप्पा नवीन तोंडाची सवय करून घेतील. मी म्हटलं, तुला सवय म्हणजे काय वाटतं, नवा मोबाईल आहे का? त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. शेजारच्या इंदुबाई आमचं भांडण ऐकून साखर मागायच्या निमित्तानं येऊन गेल्या. गॅलरीत आई आणि आप्पा निवांत बोलत बसले होते. त्यांना भांडायचं असलं तरी गल्लीला कळत नाही, याचा मला त्या दिवशी हेवा वाटला.

मी हट्टानं आईंना सरकारी दवाखान्यात दाखवून आणलं. लाईन होतीच, पण बाकावर बसायला जागा मिळाली. आप्पाही हट्ट करून आले होते. तिथे सगळ्यांच्या तोंडाला मास्क, डॉक्टरांच्या, सिस्टरच्या, झाडणाऱ्या बाईच्यासुद्धा. आप्पा एकेका झाकलेल्या तोंडाकडे बघत होते आणि शेवटी आईंच्या तोंडाकडे येऊन थांबत होते. आई त्यांना सगळं ओठांनी सांगत होत्या, कोणाचा नंबर लागला, आत काय चाललंय, कोण रडतंय. त्या हॉलमध्ये मला लूमची शेड दिसायला लागली. मी ती कधी पाहिलेली नाही, तरी दिसायला लागली.

तपासणारी डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आईंची शुगर बघितली आणि म्हणाली की आम्ही सगळे दात एकदम काढणार नाही. एका वेळी थोडे काढू, जखम भरली की पुढचे. आधी मागचे, समोरचे सगळ्यात शेवटी. मग हिरड्या पक्क्या झाल्यावर माप घेऊन कवळी. एकूण बरेच महिने जातील, खेपा फार होतील. तिनं हे जरा अपराधी आवाजात सांगितलं. मलाही वाटलं, झालं, आता योगराज जिंकला.

आईंनी मात्र दोनदा विचारून खात्री करून घेतली, समोरचे नक्की शेवटी ना? मग आप्पांकडे वळून त्यांनी ओठांनी काहीतरी सांगितलं. आप्पांनी थोडा विचार करून मान डोलावली. आईंनी मला सांगितलं, इथेच करायचं. त्यांचं गणित सरळ होतं. एका दिवसात बदललेलं तोंड आप्पांना परकं झालं असतं. हळूहळू बदलणारं तोंड ते बदलता बदलता शिकले असते. आम्ही ज्याला सरकारी दिरंगाई म्हणत होतो तीच आईंना हवी होती.

त्यानंतरचे महिने मला आता आठवतात ते असे लांबून, दुपारच्या झोपेत पडलेल्या स्वप्नासारखे. आई दवाखान्यात जायच्या, गालात कापूस धरून परत यायच्या, आठवडाभर पेज आणि वरण. गाल एकेका खेपेला थोडे आत जायचे. संध्याकाळी आप्पांची खुर्ची आईंच्या खुर्चीजवळ थोडी सरकलेली असायची. पूर्वी गॅलरीच्या दोन टोकांना बसणारी ही माणसं आता गुडघ्याला गुडघा लावून बसत होती. आप्पांना एखादा शब्द कळला नाही की ते बोट वर करायचे, आई पुन्हा म्हणायच्या, पुन्हा, आणखी सावकाश. खाली गल्लीतल्या लूमची घरघर चालू असायची, उन्हं उतरायची, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या फुगायच्या आणि पडायच्या. मी भाजी निवडायच्या निमित्तानं तिथेच बसायला लागले. एकदा मला आपोआप कळलं की आई म्हणतायत, मीठ कमी पडलं. माझ्याच आमटीबद्दल होतं ते. राग आला, पण आनंद जास्त झाला.

मग समोरचे दात काढायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी आई इतकं बोलल्या, इतकं बोलल्या की आप्पा मध्ये मध्ये डोळे मिटून घ्यायचे. मी त्या दिवशी गॅलरीत गेले नाही.

दात निघाले आणि आई घरी आल्या त्या तोंडावर पदर घेऊनच. मला वाटलं, दुखत असेल, सूज असेल. सूज उतरली, टाके निघाले, तरी पदर उतरला नाही. जेवताना भिंतीकडे तोंड. गॅलरीत जाऊन बसायच्या, आप्पांच्या समोरच, पण पदराच्या आड. आप्पा बघत राहायचे. आपण काय बघतोय हे त्यांना कळत नसावं असं त्यांचं तोंड व्हायचं. मी एकदा चिडून म्हटलंच, आई, एवढे महिने कशासाठी घालवले मग? त्यांनी पदर आणखी पुढे ओढला. त्यांना लाज वाटत नव्हती, हे मला नीट माहीत आहे. त्यांना भीती वाटत होती. पदर काढला, बोललं, आणि आप्पांना कळलंच नाही तर? बोललंच नाही तर निदान ते दोघांनाही ठाऊक होणार नव्हतं.

घर इतकं शांत कधीच नव्हतं. खरं तर पूर्वीही ते शांतच होतं, पण ही शांतता वेगळी होती, ती रात्री ताटावरही यायची. आप्पा जेवेनासे झाले. योगराज म्हणाला, आता पुरे. त्यानं चौकातल्या त्या खासगी डॉक्टरला फोन केला. हिरड्या कच्च्या असल्या तरी तो तात्पुरती कवळी बसवून देतो म्हणाला. मी एवढी सरकारीची बाजू घेऊन भांडणारी, पण मी होकार दिला. मला त्या दोघांचं ते तसं बसणं बघवत नव्हतं. माशांची पेटी असो की काही असो, कोणीतरी आईंच्या तोंडात दात घाला आणि यांना बोलतं करा, एवढंच मला वाटत होतं.

रविवारी सकाळी योगराज रिक्षा घेऊन खाली आला. मी आईंना बोलवायला वर गेले. त्या पदर धरून बसलेल्या, निघायला तयार. आप्पा समोर. मी जिन्याच्या तोंडाशीच थांबले, कारण आप्पांनी काहीतरी विचित्र चालवलं होतं. त्यांनी आपले दोन्ही ओठ आत ओढून दातांवर घट्ट गुंडाळून घेतले होते, आणि तसेच, बोळक्यासारखं तोंड करून, ते आवाज न करता बोलत होते. आप्पांचे सगळे दात अजून धड आहेत. त्यांनी एकदा म्हटलं, आई नुसत्या बघत राहिल्या. त्यांनी पुन्हा म्हटलं. आईंनी बोट वर केलं, कळलं नाही म्हणून. आप्पांनी तिसऱ्यांदा म्हटलं, आणखी सावकाश, मान पुढे करून, आणि ओठ सटकल्यावर ते पुन्हा आत ओढताना त्यांची फारच तारांबळ उडाली.

आई हसल्या. खांदे हलायला लागले, हातातून पदर सुटला, आणि त्या पूर्ण तोंड उघडून, एकही दात न उरलेल्या वरच्या हिरडीसकट, हसत राहिल्या. मग त्याच तोंडानं त्यांनी आप्पांना काहीतरी उत्तर दिलं. आप्पांनी बोट वर केलं. आईंनी पुन्हा सांगितलं. आप्पांनी मान डोलावली.

मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. मी जवळ जाऊन विचारलं, आप्पा काय म्हणाले?

आईंचे शब्द फुसफुसत बाहेर आले. "म्हने, तू बोल, मी शिकसू."

खालून योगराज हाका मारत होता, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी आईंना म्हटलं, खाली रिक्षा थांबलीय, डॉक्टर वाट बघत असतील. आईंनी आप्पांच्या तोंडावरची नजर न हलवता मला हातानंच थोपवलं.

"योगराजले सांग," त्या म्हणाल्या, "आमी बोली ऱ्हायनूत."