कातडीखालचं वळण

दचकू नका. बोलतोय तो एक केस आहे, आणि तोही कुरळा. लोरेटाबाईंच्या डोक्याच्या मागच्या बाजूला माझा जन्म झाला. बाहेरून मी स्प्रिंगसारखा दिसतो, पण खरी गंमत आत आहे. कातडीखाली माझं मूळही वळलेलंच असतं.

लोरेटाबाई मिनिआपोलिसच्या एका शाळेत शिकवायच्या. लहानपणापासूनच्या घट्ट वेण्यांनी त्यांच्या कानशिलांवरचे माझे भाऊबंद कायमचे गेले होते. वीस वर्षं त्या वर्गातही डोक्याला रुमाल बांधून उभ्या राहिल्या. २००४ साली त्या शहराजवळच्या ईडन प्रेरीतल्या, केस रोपण करणाऱ्या एका क्लिनिकमध्ये आल्या. मागचे केस मुळासकट काढून कानशिलांवर लावायचे होते.

डॉक्टरांनी आधी चाचणीपुरता कातडीचा नखाएवढा तुकडा काढला. काहींच्या कातडीवर जखमेचा वण फुगतो, तसं होतं का तेही बघायचं होतं. त्या तुकड्यातून एकेक मूळ सोडवायचं काम तिथे नोकरीला असलेल्या नागपूरच्या संघमित्राचं. तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. पण आजवर तिच्या हाताखालून गेले ते सरळ केस. बाहेर केसाचं तोंड जिकडे, त्याच रेषेत तिने पातं सरळ खाली नेलं. दहापैकी सात मुळं कापली गेली, ती वायाच गेली.

तिने ते लपवलं नाही. बाईंसमोर बसून चूक आपली असल्याचं सांगितलं.

"तुम्ही लोक आधी केस पार बारीक करता," बाई म्हणाल्या. "मग वळण दिसणार कुठून? थोडा लांब राहू दे. आत कुठे वळलाय ते तोच सांगेल."

चार महिन्यांनी वण सपाटच होता. मग माझी पाळी आली. मायक्रोस्कोपखाली संघमित्रा माझ्याकडे बघत राहिली, पातं तिरकं केलं आणि हळूच मराठीत म्हणाली, "वळ बाळा, तू म्हणशील तसं."

माझ्या वळणावळणाने ते पातं गेलं आणि मला साधा ओरखडाही आला नाही. मी थक्क झालो. आजवर मला ओढलं होतं, सरळ करायला तापवलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं.

मला डाव्या कानशिलावर लावलं. तीन आठवड्यांत मी गळलो. असं होणार हे सांगितलेलं असूनही बाई आरशासमोर रडल्या. पण मूळ जिवंत होतं. काही महिन्यांनी मी पुन्हा वर आलो, तसाच कुरळा. एवढ्याशा मुळात एवढी जिद्द असते, हे मलाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात बाई रुमाल न बांधता क्लिनिकमध्ये आल्या. संघमित्रा वाकून मला न्याहाळत होती. बाईंची नजर तिच्या विरळ कानशिलावर गेली.

"तुझ्याही वेण्या घट्ट घालायचं कुणी?"

"आई. रोज, शाळेत जाताना."

"माझीही आईच," बाई म्हणाल्या.

आता मी मजेत आहे. मागणं एकच आहे. उद्या सकाळी लेकीची वेणी घालताना हात जरा सैल ठेवा.