पुढे सरकवलेली सीट

पाय ब्रेकपर्यंत पोचेनात, तेव्हा गैबी मुजावर हवालदारांनी सीटखाली हात घालून खटका ओढला आणि सीट पुढे सरकवली. एकदा सरकवून भागले नाही. ती मोठी पांढरी गाडी कुणा लांब टांगांच्या माणसाच्या मापाने लावलेली होती. मुजावरांनी बूड उचलून दुसरा हिसका दिला, तेव्हा कुठे त्यांचा बूट ब्रेकवर नीट बसला.

"मामा, थांबा की." खिडकीशी सौंदर्या उभी होती. नवी शिपाई, ट्रेनिंग संपवून ठाण्यात येऊन तिला वर्षसुद्धा झाले नव्हते. तिच्या खाकी बाहीला रक्त लागले होते. "पंचनामा व्हायचाय अजून. त्याआधी गाडीला हात लावायचा न्हाई, असं शिकवलंय आमाला."

"साहेबांचा हुकूम हाय पोरी. गाडी ठाण्यात आणा म्हणालेत. बघ की मागं किती गाड्या तुंबल्यात. सरक बाजूला."

ती सरकली. मुजावरांनी गाडी चालू केली आणि ठाण्याच्या आवारात आणून लिंबाखाली लावली.

यात त्यांच्या मनात काही काळेबेरे नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. कुठल्याही गाडीत बसले की आधी सीट पुढे घ्यायची, ही त्यांची जन्माची सवय. भरतीच्या वेळी उंचीच्या पट्टीखाली ते केसाच्या अंतराने पास झाले होते आणि तो केसही त्या दिवशी मुद्दाम उभा विंचरला होता, असे ठाण्यात सगळे म्हणत. जीपचा ड्रायव्हर तर रोज त्यांच्या नावाने बोटे मोडत सीट मागे घ्यायचा. मुजावर हसण्यावारी नेत. उंची कमी असली तरी मान ताठ आहे, एवढे त्यांना पुरत होते. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचा फुकटचा चहा घेतला नव्हता. घरून थर्मास आणायचे आणि ज्याला द्यायचा त्याला आपल्यातलाच द्यायचे. कागलच्या गैबी पिराच्या उरुसात नवस बोलून झालेले पोर म्हणून नाव गैबी ठेवलेले, आणि त्या नावाला आपण बट्टा लावला नाही, असे ते बायकोला अधूनमधून ऐकवत असत.

झाले होते ते असे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीवर काम करणारा तोहिद पहिल्या पाळीला सायकलवरून निघाला होता. उजाडलेले होते. मागून आलेल्या या पांढऱ्या गाडीने त्याला उडवले. गस्तीची जीप मागेच होती. जीप थांबताच मुजावर धावले ते रस्त्यावर पडलेल्या माणसाकडे आणि सौंदर्या धावली ती गाडीकडे. तिने स्टिअरिंगमागे बसलेल्या पोराला दंडाला धरून खाली उतरवले आणि मग तीही तोहिदचे डोके सावरायला आली. तो पोरगा म्हणजे सम्राट, कामगार पुरवणारे मोठे ठेकेदार गणपतराव यांचा एकुलता एक. चांगला सहा फूट. जीपमधून तोहिदला दवाखान्यात हलवेपर्यंत दुसरी एक गाडी आली आणि सम्राटला घेऊन गेली. तोहिद वाटेतच गेला.

मुजावर किल्ली द्यायला इन्स्पेक्टर इंगवले साहेबांच्या खोलीत गेले, तेव्हा टेबलासमोर एक माणूस हात बांधून उभा होता. पिराजी, गणपतरावांचा जुना ड्रायव्हर. बिद्रीकडचा, अंगाने बारका, उंचीने थेट मुजावरांच्या खांद्याला खांदा.

"या मुजावर," साहेब म्हणाले. "ह्यो गाडी चालवत हुता. स्वतःहून हजर झालाय."

मुजावरांनी पिराजीकडे पाहिले. पिराजी फरशीकडे पाहत होता.

"आणि काय हो," साहेब खिडकीतून लिंबाखालच्या गाडीकडे बघत म्हणाले, "मी आत्ता बघून आलो. सीट बरोबर पुढं घेतलीसा. मला सांगायला बी लागलं न्हाई. मानलं तुमाला."

आता बोलायला हवे होते. साहेब, ती मी सवयीने घेतली, मुळात ती पार मागे होती, एवढेच. पण साहेबांनी आजवर त्यांना कधी मानले नव्हते. मुजावरांच्या ओठांवर एक ओशाळे हसू आले, आणि ते हसू साहेबांनी होकार म्हणून खिशात घातले. पुढे कितीतरी दिवस मुजावरांना झोप लागेना ती त्या हसण्यामुळे. खोटे बोलले असते तरी एवढी लाज वाटली नसती.

सौंदर्याला बोलावले, तेव्हा ती पिराजीकडे बघून म्हणाली, "हे न्हवते, साहेब. मी ज्याला उतरवलं त्याला मान वर करून बघायला लागलं हुतं."

"गडबडीत हुतीस तू. पहिलाच ॲक्सिडेंट बघितलास."

"पहिला हाय, म्हणून तर इसरणार न्हाई."

साहेबांनी तिला जायला सांगितले आणि मुजावरांना थांबवून घेतले. "तुमाला मामा म्हणती ती. समजावा जरा. नवीन हाय, नोकरीचं वाटोळं करून घेईल. आणि तुमचं बी रिटायरमेंट ह्याच वर्षी हाय न्हवं? शेवटाला चौकशी मागं लागली तर पेन्शन कुठं अडकंल सांगता यायचं न्हाई."

समजवायला मुजावरांनी तिला कँटीनमागच्या नळावर गाठले. ती बाही धूत होती. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिच्यापुढे धरला. तिने हात पुसून तो घेतला.

"तुझ्या अप्पांनी किराणा दुकानावर तिघी बहिणी शिकवल्या," मुजावर म्हणाले. "थोरली तू. जरा इचार कर. माणूस तर गेलाच. आता कोण का आत जाईना, तो काय परत येणार हाय व्हय?"

हे शब्द आपल्याच तोंडून निघताहेत, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

"अप्पांना फोन केलता," सौंदर्या म्हणाली. "सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तू डोळ्यानं बघितलीस न्हवं? मी म्हटलं, व्हय. मग म्हणाले, मला कशाला इचारालीस?"

तिने चहा संपवून झाकण परत दिले.

"मामा, माझं एकटीचं कुणी खरं धरणार न्हाई. नवीन हाय, घाबरली, चुकली म्हणतील. तुमी पोरगं चालवत हुतं असं म्हणू नका, तुमी ते बघितलं न्हाईसा. पण सीट पार मागं हुती, पिराजीचा पाय तिथं पोचलाच नसता, एवढं तर तुमाला म्हाईत हाय. तेवढंच सांगा. माझ्यासाठी न्हाई. खरं हाय म्हणून सांगा."

"बघू," मुजावर म्हणाले.

या शब्दाचा अर्थ ठाण्यात सगळ्यांना माहीत असतो. सौंदर्याला तो अजून माहीत नव्हता. तिचा चेहरा उजळला.

उपअधीक्षक पूर्णिमा मॅडम चौकशीला आल्या. त्यांनी सौंदर्याचे सगळे ऐकून घेतले, तिला तिथेच भिंतीशी उभे राहू दिले आणि मुजावरांना आत बोलावले.

"मुजावर, तुमचं नाव चांगलं आहे म्हणून सरळ विचारते. तुम्ही गाडीत बसलात तेव्हा सीट कुठे होती? तुम्ही म्हणाल ते मी खरं धरून चालेन."

दारात इंगवले साहेब उभे होते. ते नुसते खाकरले. मुजावरांच्या डोळ्यांपुढून पेन्शन गेली, बायकोच्या गुडघ्याचे ऑपरेशन गेले, निरोप समारंभात गळ्यात पडायचा हार गेला.

"आठवत न्हाई, मॅडम."

"तुम्ही सीट पुढे घेतलीत की नाही?"

"गडबड लै हुती. घेतली असंल, नसंल. ध्यानात न्हाई."

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि पेनाला टोपण लावले. सौंदर्याने मात्र पाहिले नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत सावधान उभी होती आणि तशीच उभी राहिली. तिने रागाने बघितले असते तर मुजावरांना सोसले असते.

दुसऱ्या दिवसापासून तिला गेटवर उभे केले. दिवसभर उन्हात, साखळी खाली कर, साखळी वर कर. मंडळी तिच्याशी बोलेनाशी झाली. तिने जबाब काही बदलला नाही. सकाळी मुजावर गेटमधून आत आले की मात्र ती पहिल्यासारखाच सॅल्यूट करायची, पूर्ण हात उचलून. ज्येष्ठाला करतात तसा. तो चुकवण्यासाठी मुजावर मागच्या बाजूने, कंपाउंडच्या पडक्या भिंतीवरून येऊ लागले. या वयात भिंत ओलांडताना त्यांचे गुडघे कुरकुरत.

एके दिवशी तोहिदची बायको जरीना सायकल आणि डबा न्यायला आली. बरोबर तिची नणंद नसरीन होती, ती सायकल धरून बाहेर उभी राहिली. मुजावरांनी मुद्देमालाच्या खोलीतून डबा आणून जरीनाच्या हातात दिला. आतले अन्न कधीच आंबले होते. मुजावरांनी ते टाकून डबा घासून ठेवला होता. हे काम त्यांचे नव्हते.

जरीनाने झाकण उघडून आत पाहिले. "धुतलासा, चाचा?"

"व्हय. वास याला लागलता."

"कोण करतंय हो एवढं." तिने झाकण लावले, पण डबा पिशवीत टाकला नाही, पोटाशी धरला. "सगळी म्हणत्यात, पैशावाल्याचं पोरगं सुटणार. मी म्हटलं, सुटतंय कसं. मुजावर चाचा हायत तिथं. आपलं माणूस हाय, ते खोटं हुऊ द्यायचे न्हाईत. तुमच्यामुळं निर्धास्त हाय मी."

मुजावरांना वाटले, हिने आपल्या थोबाडीत मारायला हवी होती. ते म्हणाले, "जा, ऊन हुईल."

त्याच दिवशी दुपारी गाडी सोडण्याचा कोर्टाचा हुकूम घेऊन पिराजी आला. त्याला जामीन मिळाला होता. इंगवले साहेबांनी व्हरांड्यातूनच सांगितले, "मुजावर, देऊन टाका गाडी." मुजावर किल्ली घेऊन लिंबाखाली गेले. गाडीच्या टपावर लिंबोळ्यांचा चिखल झाला होता. एकदा ही गाडी गेटबाहेर गेली की धुतली जाणार, दुरुस्त होणार, आणि सीटचे नावसुद्धा कुणी काढणार नाही.

पिराजी आत बसला. दार लावून त्याने पाय सोडले, ब्रेक दाबला, क्लच दाबला आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"मामा, सीट अगदी माझ्या मापात हाय की. एरवी मालकाच्या पोरानं चालवली की मला पयल्यांदा ती पुढं घ्याय लागती. आज हातसुदीक लावाय लागला न्हाई."

तो साधेपणाने बोलला. स्वतःच्या पोराला कामाला चिकटवण्याच्या बोलीवर दुसऱ्याचा गुन्हा डोक्यावर घेतलेला माणूस तो, त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मुजावरांच्या मात्र कानशिलापर्यंत रक्त चढले. गेटवर सौंदर्याने साखळी खाली केली होती आणि गाडी जायची वाट बघत ती बाजूला उभी होती.

"उतर," मुजावर म्हणाले.

"काय झालं?"

"उतर म्हणतो न्हवं. खाली उतर."

पिराजी बावचळून उतरला. मुजावर त्याच्या जागी बसले. दार त्यांनी उघडेच ठेवले. सीटखाली हात घातला, खटका ओढला आणि टाचांनी रेटा देऊन सीट मागे ढकलली. मग दुसरा रेटा. सीट शेवटाला जाऊन खट्कन अडकली.

व्हरांड्यात दोन-चार जण जमले. इंगवले साहेब पायऱ्या उतरून निम्म्यावर आले. "मुजावर, काय चाललंय? उतरा खाली."

मुजावर उतरले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचा प्रयत्न केला आणि तेही नीट धरता येईना. कुणीतरी फिदीफिदी हसले. "मामा, पाय पोचंनात व्हय?"

तीस वर्षे हा विनोद त्यांनी हसून घालवला होता. आज ते हसले नाहीत.

"सौंदर्या," त्यांनी हाक मारली. आवाज फाटला म्हणून पुन्हा मारली. "पोरी, मॅडमना फोन लाव. म्हणावं, मुजावरला सगळं आठवतंय. त्या दिवशी बी आठवत हुतं."

तिने साखळी सोडली नाही, उलट वर ओढून गेटच्या खांबाला अडकवली. मग फोन हातात घेऊन ती लिंबाकडे चालत आली. मुजावरांना वर बघवेना. ते आपल्या पायांकडे बघत बसले. टाचा खाली टेकलेल्या, बुटांची टोके वर, आणि ब्रेक तिथून वीतभर लांब.

"न्हाई पोचत," ते हसणाऱ्याला म्हणाले.