सतरा हजार डोंगर

त्याने लॅपटॉप हवालदारबाईंच्या टेबलावर त्यांच्याकडे वळवला आणि पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. दरी. दरीवरचं धुकं. तळं, तळ्यात उलटा डोंगर. बाईंनी चहाचा कप बाजूला सारून दोन-चार फोटो पाहिले.

"छान आहेत हो. पण मला तुमच्या मिसेसचा फोटो हवाय. सगळ्या चौक्यांना पाठवायचाय."

"असेल. एखादा तरी असेलच."

त्याची बायको सकाळपासून हरवली होती. दोन वर्षांपासून तिला विसरायचा आजार जडला होता. आधी किल्ल्या, मग नावं, मग स्वतःच्या घराचा मजला. आणि आता बाहेर ऊन उतरू लागलं होतं.

शेजारच्या खुर्चीवर मेहुणी बसली होती. दुपारपासून तिने जीभ आवरून धरली होती, ती आता सुटली.

"भाऊजी, सतरा हजार डोंगर आहेत तुमच्याकडे. एक बायको नाही?"

तो बोलणार काय, कपाळ? फोटोग्राफी त्याला कुणी शिकवली नव्हती. विजेच्या सामानाचं दुकान सांभाळून, सुट्ट्या मोडून, चुकत-माकत तो आपला आपणच शिकला, आणि आपणच आपल्याला एक नियम घालून घेतला: निसर्गात माणूस नको. माणूस आला की फोटो नासला. बायको प्रत्येक प्रवासात बरोबर असे. पाण्याची बाटली, स्टँडची पिशवी, त्याच्या गोळ्या, सगळं तिच्या खांद्यावर. चुकून फोटोत आलीच, तर घरी येऊन तो तिला पुसून टाकी. हे काम त्याला फार सफाईने जमे. तिच्या जागी गवत उगवे आणि कुणाच्या बापाला कळत नसे.

ओळखपत्र तिच्या पर्समध्ये होतं आणि पर्स तिच्याबरोबर. मेहुणीकडचे फोटो जुन्या फोनसोबत गेले होते. तिने घरून आणलेला लग्नातला फोटो पुढे केला. बाईंनी तो उजेडात धरला.

"अहो ताई, ही विशीतली पोरगी. हिच्यावरून कोण ओळखणार त्यांना?"

एका फोटोत, पार कोपऱ्यात, ती सापडली. तिळाएवढी. पुसायची राहून गेलेली. तो फोटो मोठा करत गेला, अजून मोठा, आणि शेवटी चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन उरले. त्याला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली. चष्मा काढून तो काचा पुसत बसला.

"राहू द्या, काका," बाई नरमल्या. "वर्णनावर काढू काहीतरी. शेवटचं कुठे पाहिलंत त्यांना?"

"गच्चीवर. सकाळी. ढग फार सुरेख आले होते, म्हणून मी कॅमेरा लावला होता."

"आणि त्या?"

"वर आली. कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. हसत होती."

मेहुणी त्याच्याकडे बघू लागली.

"मग?"

"मी म्हटलं, जरा बाजूला हो."

"मग?"

"झाली," तो म्हणाला.